नेदरकोटचे आमसूल

शुक्रवार, १ सप्टेंबर २००६

मधुमती जगदीश टिपणीस, आज आलेले एक पत्र मी उघडले आहे. पाकिटावर 'श्रीमती एम. टिपणीस यांचे कुटुंबीय' असे लिहिलेले असल्याने तसा मला अधिकार होता. तरीही छत्तीस वर्षांत आपण एकमेकांची पत्रे कधी उघडली नाहीत, म्हणून हा खुलासा प्रथम करतो.

पत्र नेदरकोट गावाच्या सभागृह समितीचे आहे. शनिवार, ७ ऑक्टोबर रोजी त्यांचा वार्षिक 'प्रून डे' आहे. सात नंबरचे टेबल गेली आठ वर्षे तुझ्या नावावर असून त्यावर पहिला हक्क कुटुंबाचा आहे. पंधरा तारखेपर्यंत होकार न आल्यास ते प्रतीक्षा यादीतील एका मेणबत्तीवाल्या बाईंना दिले जाईल. अट एकच: टेबलावरील पदार्थ गावच्याच फळाचा आणि स्वतःच्या हातचा असावा.

दर ऑगस्ट-सप्टेंबरात तू आयल्सबरीच्या ट्रेनने त्या गावी जात असस, हे मला ठाऊक होते. तेथील ती लहान, निळसर काळी प्लमची फळे, ज्यांना ताजी असतानाही 'प्रून' म्हणतात, ती तू पिशव्या भरून आणीत असस. एके काळी ती फळे रेल्वेच्या डब्यांतून लंडनला जात आणि त्या पैशावर त्या गावांतली घरे चालत, असे तू मला एकदा सांगितले होतेस. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो. घरात जॅम होत असे, त्याअर्थी तुझे टेबल जॅमचे असावे.

माझ्या पत्नीच्या नावाचे टेबल मेणबत्त्यांना जाणार नाही. होकार आजच, शाईने लिहून, टपालात टाकला.

सोमवार, ४ सप्टेंबर

मालविकाचा फोन. ती रोज संध्याकाळी साडेसहाला फोन करते. पिनरहून हॅरो ते काय अंतर, तरी रोज काहीतरी निमित्त काढते. आज तिला माझ्या बॉयलरच्या सर्व्हिसिंगची चौकशी करायची होती. मी तिला टेबलाचे सांगितले.

"बाबा, तुम्ही जॅम करणार? सीरियसली? किचनमध्ये कुठला वस्तू कुठे आहे ते तरी माहितीये का तुम्हाला?"

"वस्तूंची यादी करीत आहे," मी म्हणालो.

"ओ गॉड. यादी." मग म्हणाली, "मी येऊ का वीकेंडला?"

मी तिला सांगितले की बरो कौन्सिलच्या ड्रेनेज विभागात एकतीस वर्षे काम केलेल्या इंजिनिअरला साखर आणि फळे उकळण्यास मदत लागू नये.

मंगळवार, १२ सप्टेंबर

नेदरकोटला जाऊन आलो. हॅरो-ऑन-द-हिलहून आयल्सबरी, पुढे बस, पुढे वीस मिनिटे चालणे. गाव लहान आहे. सभागृह, चर्च, एक पब, आणि सभागृहाच्या भिंतीपलीकडे प्रूनची बाग. बागेत चौदा झाडे उरली आहेत. पूर्वी तीनशे होती म्हणे.

बागेच्या मालकीणबाई मिसेस हेझल टॅपिंग. वय अडुसष्टच्या आसपास, ठेंगण्या, अंगात पुरुषी कार्डिगन. मला पाहताच म्हणाल्या, "तुम्ही मॅडीचे मिस्टर टिपणीस. त्या दिवशी बोलता आले नाही." त्या दिवशी म्हणजे कधी, हे माझ्या लक्षात येईना, तेव्हा त्यांनीच सांगितले की मार्चमध्ये स्मशानगृहात शेवटच्या रांगेत त्या आणि त्यांचे शेजारी रेग मीड बसले होते. मला ती दोघे आठवतात. ती तेथील कर्मचारी आहेत असे समजून मी त्यांना पार्किंगविषयी विचारले होते.

तुला तेथे सर्वजण 'मॅडी' म्हणतात. तू ते चालवून घेतलेस, याचे मला आश्चर्य वाटले.

"जॅमकरिता फळे हवी आहेत," मी म्हणालो.

"जॅम?" बाई हसल्या. "जॅम तर गावातली प्रत्येक बाई करते. मॅडीचे टेबल आंबटाचे. ती काळी, मऊ, खारट साले. आणि तो गरम, गुलाबी कप. लोक घरून स्वतःचे मग घेऊन येतात त्यासाठी."

तेव्हा मला कळले. तू तेथे आमसूल विकत होतीस आणि सार पाजत होतीस. आमसूल आपल्याकडे चौलहून येते, तुझा भाऊ सतीश दरवर्षी पाठवतो. गावच्याच फळाची अट असलेल्या टेबलावर परक्या मुलखातील वस्तू! मी बाईंना स्पष्ट सांगितले, "हे नियमबाह्य झाले आहे. तो माल भारतातून येतो. माझ्या पत्नीच्या वतीने मी समितीची क्षमा मागतो."

मिसेस टॅपिंगनी हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही आधी चहा घ्या, मिस्टर टिपणीस."

चहा घेतला. या वर्षी नियमानुसार याच फळाचे आमसूल करीन, असे मी जाहीर केले आणि सहा किलो उत्तम पिकलेली फळे निवडून घेतली. "ही आता पायची झाली हो," बाई म्हणाल्या, "तुमच्या कामाला खरे तर..." परंतु चार वाजून दहा मिनिटांची बस चुकली असती, म्हणून मी आभार मानून निघालो.

मधुमती, हे तू का केलेस ते मला समजत नाही. तू तराजूत कोथिंबिरीची काडी जास्त आली तर परत ठेवणारी बाई. असो. चूक असलीच तर ती दुरुस्त करणे माझ्याकडे आले.

बुधवार, १३ सप्टेंबर

चौलला लहानपणी पाहिलेली कृती जशीच्या तशी लिहून काढली. फळ चिरून बी आणि गर वेगळा. गराला मीठ लावून सुटलेल्या रसात साले भिजवायची, वाळवायची, पुन्हा त्याच रसात, पुन्हा वाळवायची. पाच वेळा. तेथे मे महिन्याचे ऊन असते. येथे सकाळपासून पाऊस आहे.

वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ऊब असते, म्हणून ते उघडले. तेथे चार लाकडी चौकटी, त्यांवर ताणलेले नायलॉनचे कापड, आणि कापडावर जांभळे डाग. जॅमची फडकी वाळवत असावीस. चौकटी अगदी माझ्या मापाच्या निघाल्या. कपाटातील तापमान ३८ अंश.

शनिवार, १६ सप्टेंबर

दुसरा हात दिला. रंग उत्तम.

मंगळवार, १९ सप्टेंबर

चौथा हात. टॉवेल जांभळे झाले आहेत. मालविकाला सांगितलेले नाही.

शनिवार, २३ सप्टेंबर

दिसायला आमसूल हुबेहूब झाले. काळे, मऊ, चकचकीत. मालविका आली होती. मी सार केले, म्हणजे आमसूल पाण्यात उकळले, गूळ, मीठ, मिरची घातली. दोन वाट्या समोर ठेवल्या.

तिने एक घोट घेतला. "बाबा," ती म्हणाली, "इट्स लाइक हॉट रायबीना."

मुलांच्या त्या बाटलीतल्या सरबताची उपमा! मी चव घेतली. गोड. मिठातूनही गोड. पाच वेळा भिजवून मी मनुका तयार केल्या होत्या.

"आईचं असं नसायचा," मालविका म्हणाली. "आईचं घेतला की कान हलायचे." मग ती वाट्या धुऊ लागली. एकच वाटी तिने फार वेळ धुतली.

पुन्हा सहा किलो आणून पुन्हा पाच हात देणे उरलेल्या चौदा दिवसांत जेमतेम बसेल. परंतु चूक कोठे झाली हेच मला माहीत नाही.

रविवार, २४ सप्टेंबर

लाज बाजूला ठेवून अलिबागला सतीशला फोन केला. नियमाला हरताळ फासण्याचा माझा विचार नव्हता. टेबलावर निदान नमुना म्हणून अस्सल आमसूल मांडावे, तशी चिठ्ठी लावावी, एवढेच. त्याला म्हणालो, यंदाचे पार्सल जरा लवकर पाठव.

"कसलं पार्सल, भावोजी?"

"आमसुलाचे. दरवर्षीचे."

सतीशने ते मला पुन्हा म्हणायला लावले. मग म्हणाला, "भावोजी, आम्ही शेवटचं आमसूल पाठवलं ते सत्त्याण्णव साली. पुढच्या वर्षी ताईच म्हणाली, नका पाठवू, इथे होतं."

"येथे म्हणजे कोठे?"

"आता ते मी अलिबागेत बसून काय सांगू? उलट तीच आम्हाला दर डिसेंबरात एक बरणी धाडायची. आमची ही तर म्हणते, ताईंच्या आमसुलाला वास वेगळाच. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी सांगितले, लाइन खराब आहे, आणि फोन ठेवला.

मधुमती, गेली आठ वर्षे या घरात जेवायला आलेल्या प्रत्येकाला मी चौलच्या मातीचे गुण समजावून सांगितले आहेत. येथील मराठी मंडळाचे अध्यक्ष प्रधान यांना तर मी अर्धा तास सांगितले होते की असे आमसूल इंग्लंडच्या भूमीत होणे शक्य नाही, त्याला खारा वारा लागतो. प्रधानांनी मान डोलावली. तू मागे पातेले घेऊन उभी होतीस. तू म्हणालीस, "अजून वाढू का, भाऊसाहेब?"

आणि बारा तारखेला मी तुझ्या वतीने क्षमा मागून आलो. हे लिहिताना मला फार शरम वाटते.

पण दुसरेही लिहितो, कारण तेही खरे आहे. दुपारपासून माझी छाती फुगली आहे. चौलमध्ये कोकमाचे झाड हाताशी असताना आमसूल करणे यात कौतुक ते काय? कोकम नसलेल्या देशात, उन्हाशिवाय, पाण्याच्या टाकीच्या उबेवर तू ते केलेस. आणि असे केलेस की चौलला जन्मलेल्या नवऱ्याला फरक कळला नाही.

कसे केलेस, तेवढे मात्र मला अजूनही माहीत नाही, आणि तेरा दिवसांनी टेबल आहे.

मंगळवार, २६ सप्टेंबर

टेबल परत करण्याचे पत्र खिशात घालून नेदरकोटला गेलो. मिसेस टॅपिंग बागेत शिडीवर होत्या. खाली त्यांचे शेजारी रेग मीड टोपल्या धरून उभे. उंच, लाल नाकाचे गृहस्थ. मी प्रथम माझे बारा तारखेचे विधान बिनशर्त मागे घेतले.

"कळले तर," बाई शिडीवरून म्हणाल्या.

मी डब्यातून माझी साले दाखवली. रेगनी एक तोंडात टाकले. "केकमध्ये छान लागेल," ते म्हणाले.

"पिकलेली घेतलीत ना!" बाई खाली उतरल्या. "मी सांगत होते, तुम्ही बससाठी पळालात. मॅडी आंबटासाठी पिकलेल्या फळाला हात लावायची नाही. ऑगस्टचा शेवटचा आठवडा. फळ एका बाजूने लाल असते, दुसरीकडे हिरवे. चावले तर तोंड वाकडे होते. पहिल्या वर्षी आम्ही सगळे हसलो होतो. लंडनहून बाई येते आणि कच्ची फळे तोडून नेते!"

"मी हसलो नव्हतो," रेग म्हणाले.

"तू सगळ्यात जास्त हसलास, रेग."

कोकम पिकल्यावरही आंबट असते. प्रून पिकले की गोड होते. चौलच्या माणसाला पिकलेले फळ निवडण्याखेरीज दुसरे सुचणारच नाही. तुला ते सुचले. किती सप्टेंबर वाया घालवून सुचले, हे मी कधी विचारले नाही.

मी खिशातील पत्र काढले. "यंदाचा तो आठवडा गेला. टेबल रिकामे ठेवणे तिच्या नावाला शोभणार नाही. आपण ते मेणबत्त्यांना द्यावे."

मिसेस टॅपिंगनी पत्र घेतले नाही. त्या मला घरात घेऊन गेल्या. स्वयंपाकघरात त्यांची कोळशावर चालणारी मोठी शेगडी आहे, आणि तिच्यावरच्या फळीवर नऊ बरण्या होत्या.

"आठवडा आला तेव्हा मी तोडली," त्या म्हणाल्या. "कोणी सांगितले नव्हते. कोणी नकोही म्हणाले नव्हते. तीन वर्षे तिच्या शेजारी उभी राहून पाहिले होते, पण मीठ ती मुठीने घालायची, आणि तिची मूठ माझ्यापेक्षा लहान. बरोबर झाले की नाही, ते सांगणारे कोणी नाही इथे. तुम्ही बघा."

मी एक तुकडा जिभेवर ठेवला. त्याविषयी येथे अधिक लिहिता येत नाही.

"मीठ किंचित जास्त," मी म्हणालो. "बाकी बरोबर."

बाई चहा ठेवायला वळल्या. किटली समोरच होती, पण त्यांना ती बराच वेळ सापडत नसावी. रेग खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "ऐकलेस ना, हेझल? बरोबर."

चहानंतर मी मुद्द्यावर आलो. माल मिसेस टॅपिंगच्या हातचा, तेव्हा नियमानुसार टेबलही त्यांचे.

"मला तो गरम कप करता येत नाही," त्या म्हणाल्या. "साले तिने मला शिकवली. कप कधी नाही. विचारले तर म्हणायची, तो आमच्या घरचा आहे."

सार मी करीन, असे सांगितले आणि एक बरणी बरोबर घेतली. आजवर मी ते फक्त प्यायलो आहे, हे सांगितले नाही.

रविवार, १ ऑक्टोबर

मालविका दोन्ही दिवस येथेच राहिली. काल चार पातेली, आज तीन. पहिल्यात फोडणी जळली, दुसऱ्यात जिरे कच्चे. तिसऱ्यात मी गूळ वजन करून घातला, तेव्हा तिने माझ्या हातातून काटा काढून घेतला.

"बाबा, वजन नको. डोळे बंद करा आणि ऐका. आई तूप तापलं की जिरा टाकायची, आणि तो तड-तड थांबायच्या आधी हिंग. मी खाली टेबलवर होमवर्क करायचे, मला आवाज माहितीये. आता! आता टाका!"

मी टाकला. सातव्या पातेल्याचा घोट घेऊन आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तिचे कान हलले की नाही ते मला दिसले नाही, चष्म्यावर वाफ आली होती.

बॉयलरचे सर्व्हिसिंग झाले का, असे तिने जाताना पुन्हा विचारले. झाले आहे. तरीही तिने फोन करावा, असे मी म्हणालो.

शनिवार, ७ ऑक्टोबर

सकाळी साडेसातला मालविकाच्या गाडीने निघालो. दोन मोठी पातेली, गूळ, तूप, कोथिंबीर. मी टाय लावला होता. समितीच्या सेक्रेटरींनी सभागृहाच्या किल्ल्या माझ्याकडेच दिल्या. सर्वात आधी पोहोचणारा मीच होतो, आणि पातेली धुऊन सर्वात शेवटी निघणाराही मीच असणार होतो.

सात नंबरचे टेबल खिडकीपाशी आहे. उजेड चांगला येतो. आठ वर्षांत मी ते एकदाही पाहिले नव्हते. दरवर्षी तू विचारीत असस, आणि दरवर्षी माझी मंडळाची बैठक असे. बैठक दुसऱ्या शनिवारीही घेता आली असती.

टेबलावरची पाटी मी ड्रॉइंगच्या अक्षरात घरूनच करून नेली होती: 'करणाऱ्या: हेझल टॅपिंग. शिकवणाऱ्या: मधुमती टिपणीस.'

मिसेस टॅपिंग चिडल्या. "माझे नाव काढा. हे मॅडीचे टेबल आहे."

"मॅडम, नियम स्पष्ट आहे. स्वतःच्या हातचे."

"नियम मीच लिहिलाय, एकोणनव्वद साली!"

"तर मग आपण तरी तो मोडू नये."

मालविका मध्ये पडली आणि बाईंच्या कानात काहीतरी म्हणाली. काय, ते मला सांगितले नाही. पाटी तशीच राहिली. मला तुझे एकटीचेच नाव हवे होते, मधुमती, हे येथे कबूल करतो. महिनाभर तीच पाटी माझ्या डोळ्यांपुढे होती. पण दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव तू लावले नसतेस.

शेजारच्या टेबलावर रेग मीड प्रून जिनच्या बाटल्या मांडून बसले होते. तुझ्या आमसुलातून उरलेला गर आणि बिया ते आठ वर्षे जिनमध्ये मुरवीत आले आहेत. बाटल्यांवर 'मॅडीज लेफ्टओव्हर्स' असे छापले आहे. टिपणीसांच्या सुनेचे नाव दारूच्या बाटलीवर! मी तसे बोलूनही दाखवले.

"नाव तिनेच दिले," रेग म्हणाले. "आणि दरवर्षी पहिला घोट तिचा. एवढाच, बुचभर. हेझलला विचारा."

"बुचभर?" मालविका म्हणाली. "आई?"

"कधी कधी दोन."

रेगनी बूच भरून माझ्यापुढे धरले. मी उभ्या आयुष्यात जिन घेतलेली नाही. घेतली. आधी गोड, मग कडवट बियांची चव, आणि शेवटी, अगदी मागे, मीठ. मी दुसरे बूच मागितले. मालविकाने फोटो काढला.

साडेदहाला दार उघडले आणि रांग लागली. म्हातारी माणसे खरोखरच स्वतःचे मग घेऊन आली होती. एकाच्या मगावर राणीच्या राज्यारोहणाचे चित्र होते. पहिला कप मी मिसेस टॅपिंगना दिला. त्या प्यायल्या, डोळे मिटले, आणि मग रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "तोच आहे." रांगेतून टाळ्या वाजल्या. मी फोडणीकडे पाहत राहिलो.

एकच्या सुमारास लंडनहून आलेली एक तरुण बाई टेबलाशी थांबली. साल चाखले, सार प्यायली, माझ्याकडे पाहून तिने चौकशी केली, "अप्रतिम आहे. हे भारतात कुठून येते?"

या प्रश्नाचे उत्तर मला आठ वर्षे पाठ आहे. माती, खारा वारा, सर्व. मिसेस टॅपिंग आणि मालविका दोघीही माझ्याकडे पाहू लागल्या.

"भारतातून नाही, मॅडम," मी म्हणालो. "नेदरकोटचे आहे. झाडे त्या भिंतीपलीकडे आहेत. माझ्या पत्नीने येथे शोधून काढले." आणि मी तिला खिडकीशी नेऊन चौदाही झाडे मोजून दाखवली.

दोन वाजता पातेली रिकामी झाली. सेक्रेटरी वही घेऊन आले आणि पुढील वर्षी सात नंबर कोणाच्या नावावर लिहू, असे विचारले. मी मिसेस टॅपिंगकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लाल फळे तोडायला माणूस लागेल. शिडी मला आता झेपत नाही." मी सेक्रेटरींना दोन्ही नावे लिहायला सांगितली आणि 'टिपणीस'चे स्पेलिंग तपासून घेतले.

पातेली धुतली, टेबल पुसून भिंतीशी लावले, गॅसची कळ बंद असल्याची दोनदा खात्री केली. मालविका गाडीत वाट पाहत होती. सव्वापाच वाजता सभागृहाच्या दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या सेक्रेटरींच्या घरी जाऊन परत दिल्या.